घरांसाठी राज्याचा पैसा मागायचा तर पावसाळ्यातच कामाला लागा

दर वर्षी मार्चच्या तोंडावर सांगलीत विजयनगरला, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर, घरांच्या मागणीसाठी कुणी ना कुणी बसलेलं दिसतं. मंडप, घोषणा, निवेदन, शेवटी फोटो. मीही तिथं बसलो आहे, एकदा नव्हे दोनदा. निवेदन घेणाऱ्यांनी "शासनाकडे पाठवतो" म्हटलं आणि खरोखर पाठवलंही. पण राज्याचा अर्थसंकल्प मार्चात मांडला जातो आणि कोणत्या योजनेला किती पैसे हे त्याच्या दोन-तीन महिने आधीच ठरत आलेलं असतं. आमचा कागद मुंबईला पोहोचला तेव्हा पानं वाढून झाली होती. पंगत बसल्यावर स्वयंपाकघरात जाऊन "आमचेही तांदूळ धुवा" म्हणण्यातला तो प्रकार.

नंतर जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. उदाहरणं सांगली जिल्ह्यातली आहेत, कारण माझा वावर इथलाच. कराड-पाटणकडच्या वाचकांनी तालुक्यांची नावं बदलून घ्यावीत, बाकी वाट तीच.

मागून खरंच मिळतं का?

बैठकीत हा प्रश्न पहिला येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. सिमेंट, सळी, गवंड्याची हजेरी सगळं वाढत गेलं, हा आकडा मात्र हलला नाही. सरपंच बोलत राहिले, लाभार्थी रडत राहिले, आमदार सभागृहात विचारत राहिले. शेवटी मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून घरामागे ५० हजारांची वाढ जाहीर केली.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. तासगाव तालुक्यातलं विसापूर. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग १९६५ च्या सुमारास तिथं सुरू करायला लावला. पुढं बाहत्तरच्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. घरांची मागणी करणाऱ्यानं यातली एक गोष्ट नीट पाहावी. राज्यानं त्यासाठी पैशाची सोय कायद्यानं करून ठेवली, १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यासाठीच आला. म्हणजे "निधी नाही" हे उत्तर शेवटचं नसतं. निधी उभा करता येतो, आणि याच जिल्ह्यातल्या एका गावापासून सुरू झालेल्या कामासाठी तो उभा केला गेला आहे.

आधी दारोदार मोजणी

"हजारो लोक बेघर आहेत" या वाक्याला मंत्रालयात किंमत शून्य. तिथं विचारतात किती, कुठले, कुठल्या योजनेत बसणारे आणि आतापर्यंत का बसले नाहीत. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि त्याचंच उत्तर बहुतेक निवेदनांत नसतं.

मोजणीला दोघं-दोघं जा. त्यातली एक बाई असू द्या, कारण घरात किती माणसं झोपतात आणि पावसाळ्यात चूल कुठं पेटते हे पुरुषाला सांगत नाहीत. प्रत्येक घरासाठी एकच पान. कुटुंबातली माणसं, भिंत कशाची, छत कशाचं, किती वर्षं राहतात, जागा कुणाच्या नावावर, घरपट्टी भरतात का, याआधी कधी अर्ज केला होता का आणि तो कुठं अडकला. आधार क्रमांक लिहून घेऊ नका. तुम्हाला त्याचा उपयोग नाही आणि वही हरवली तर लोकांच्या डोक्याला ताप.

अर्ज कुठं अडकला याचे गठ्ठे करायला बसलात की जिल्ह्याचा नकाशाच समोर येतो. आमच्याकडे चार गठ्ठे झाले.

पहिला गठ्ठा यादीत नाव नसलेल्यांचा. मोटारसायकल किंवा फ्रिज आहे म्हणून पूर्वी वगळलेली माणसं यात निघतात. ग्रामीण आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात या अटी गेल्या आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. त्यामुळं या लोकांना निवेदन नको, फक्त नव्यानं नोंद हवी. ती करून घ्या आणि त्यांना मागणीच्या आकड्यातून काढा. आकडा कमी होईल, पण टिकेल.

दुसरा गठ्ठा जागा नसलेल्यांचा. तिसरा शहरातल्या गुंठेवारीचा, म्हणजे बिगरशेती न करता गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जागांवरच्या घरांचा. घर स्वतःचं, पावती स्वतःची, पण नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही, म्हणून अनुदान नाही. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची मुभा मिळाली. इथं अडतं ते नियमितीकरणाच्या शुल्कापाशी. म्हणजे या लोकांची मागणी घराच्या अनुदानाची नाही, शुल्कात सवलतीची आहे.

चौथा गठ्ठा पूररेषेतला. त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

निळी रेषा

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ चे पूर तर आहेतच. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड ही नावं सांगलीकराला पत्त्यापेक्षा पाणीपातळी म्हणूनच जास्त पाठ आहेत. पाणी आधी जिथं शिरतं तिथं जागा स्वस्त आणि जिथं जागा स्वस्त तिथं हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बायका, गवंडी, भाजी विकणारे. एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "पानी दारात आलं की आमास्नी शाळंत न्हेत्यात. शाळंतनं फुडं कुटं न्ह्यायचं ते कुनीच सांगत न्हाई."

नदीपासून निळ्या पूररेषेपर्यंतचा, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंतचा पट्टा बांधकामाला निषिद्ध असतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित; लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता बघा, शहरी आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. पण निळ्या रेषेच्या आत परवाना मिळत नाही, तेव्हा हे अडीच लाख कागदावरच राहतात. या लोकांसाठी "आवास योजनेचा लाभ द्या" अशी मागणी लिहिणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला होडी न देता नुसतं वल्हं देणं.

त्यांची खरी मागणी पूररेषेबाहेर जागा, आणि त्या जागेवर घर. या दोन मागण्यांचे पैसे वेगवेगळ्या ठिकाणाहून येतात, म्हणून कागदावरही त्या वेगळ्या मांडा. आमच्या पहिल्या निवेदनात "पुनर्वसन करून घरे द्यावीत" एवढंच वाक्य होतं. ते मदत व पुनर्वसनाकडून गृहनिर्माणाकडे, तिथून नगरविकासाकडे आणि शेवटी परत जिल्ह्यात आलं. प्रत्येकानं खरंच लिहिलं होतं, की हा विषय या विभागाशी संबंधित नाही.

वस्तीतलं कोणतं घर रेषेच्या आत आहे हे अंदाजानं लिहू नका. पाटबंधारे आणि महापालिकेकडचे पूररेषेचे नकाशे पाहा आणि मोजणीच्या पानावर घराची खूण करा. वस्तीचा नकाशा लोकांनीच काढून घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. शेल्टर असोसिएट्स या पुण्याच्या संस्थेनं सांगली-मिरजेतल्या झोपडपट्ट्यांची घरनिहाय नोंद आणि नकाशे केलेले आहेत. हातात नकाशा असला की अधिकारी खुर्चीतून पुढं सरकून बघतो. निवेदनाकडं बघताना तो मागं टेकलेला असतो.

तूट काढा, रुपयांत

मोजणीनंतर हिशेब. हा एका पानात बसला पाहिजे. ग्रामीण घराचा नमुना देतो, दर तुम्ही तुमच्या गावचे घाला.

योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. समजा तुमच्या गवंड्यानं चौरस फुटाला १,५०० रुपये सांगितले. खर्च झाला ४ लाख ३ हजार ५००. आता येणारे पैसे. मूळ अनुदान १ लाख २० हजार. राज्यानं वाढवलेले ५० हजार इथं आख्खे मिळवू नका. शासन निर्णय वाचला तर कळतं की त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर सौर यंत्रणा बसवली तर. म्हणून ३५ हजार. शौचालयाचे १२ हजार. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं २८ हजार ८०. बेरीज १ लाख ९५ हजार ८०. तूट २ लाख ८ हजार ४२० रुपये. खर्चाच्या निम्म्याहून जास्त.

घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचं धोरण २०२५ मध्ये आलं. ती मिळत असेल तर तुटीतून वजा करा. मात्र वाहतूक लाभार्थ्याच्याच माथी असते, तेव्हा डंपरचं भाडं खर्चात धरा. आटपाडी-जतकडं वाळू किती लांबून येते त्यावर सगळं अवलंबून.

१२० कुटुंबं असतील तर तूट होते अडीच कोटी. हा आकडा ऐकून कुणी घाबरत नाही. राज्याच्या हिशेबात तो चिल्लर आहे. उलट धोका वेगळाच, एका वस्तीसाठी अर्थसंकल्पात ओळ काढत नाहीत. म्हणून कृष्णा-वारणाकाठच्या मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या चार तालुक्यांतल्या वस्त्यांनी एकाच नमुन्यात मोजणी करावी. चार वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या चार वेगवेगळ्या निवेदनांपेक्षा चार तालुक्यांचं एक पान जास्त लांब जातं. (पुढाऱ्यांना हे पटवणं मोजणीपेक्षा अवघड आहे. पहिलं नाव कुणाचं यावर आमच्या दोन बैठका गेल्या. शेवटी नावं मराठी वर्णमालेनुसार लावली.)

जागेचा प्रश्न आधी, नाहीतर मिळालेला पैसाही परत जातो

आम्हाला हे उशिरा कळलं. योजनेला पैसे मिळतात, जिल्ह्याला उद्दिष्ट मिळतं, लाभार्थी मंजूर होतो आणि जागा नाही म्हणून काम सुरूच होत नाही. वर्ष संपताना ती रक्कम समर्पित होते, म्हणजे सरकारजमा. पुढच्या वर्षी तुम्ही जास्त निधी मागायला गेलात की तोच कागद तुमच्यासमोर ठेवतात, "आहे तो खर्च होत नाही, आणखी कशाला?"

पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत ग्रामीण भूमिहीन लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला मदत मिळते. ती पूर्वी ५० हजार होती, आता १ लाख आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा ही अर्ध्या गुंठ्याहून कमी जागा. मिरज किंवा वाळवा तालुक्यातल्या गावठाणालगत एक लाखात तेवढी जागा विकणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यात तुकडेबंदी कायद्याची, म्हणजे ठरावीक आकाराहून लहान जमीन विकायला असलेल्या बंदीची, अडचण. घरकुलाच्या लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंतची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं घेण्याची वाट पुढं नियमांत झाली, पण ती गावात किती जणांना माहीत आहे?

म्हणून आमची मागणी घराच्या अनुदानाआधी जागेच्या रकमेची असते. तुमच्या गावातल्या गेल्या वर्षाच्या खरेदीखतांतला दर आणि रेडी रेकनरचा दर दोन्ही शेजारी लिहा आणि एक लाख कुठं कमी पडतात ते दाखवा. गायरानाकडं बोट दाखवण्याचा मोह टाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर गायरानावरची मागणी फार पुढं जात नाही. गावठाण विस्तार, इतर सरकारी जमीन किंवा खरेदी, या तिन्हींपैकी एक धरा.

ग्रामसभेचा ठराव

यावर थोडक्यात. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. तहकूब सभेचा ठराव चालतो, पण वजन कमी. ठरावात कुटुंबांची संख्या, गट क्रमांक आणि मागितलेली रक्कम आकड्यात व अक्षरात लिहून घ्या. "शासनाने योग्य ती कार्यवाही करावी" हे वाक्य कुणी घालू पाहील तर अडवा. १५ ऑगस्टची ग्रामसभा सर्वांत सोयीची. पुढच्या सगळ्या तारखा तिच्यापासून जुळतात.

माहितीचा अधिकार, पण नेमका

मोजणी ही तुमची बाजू. सरकारची बाजू माहिती अधिकारातून घ्या. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला काहीच नाही. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. "घरे का दिली नाहीत" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण कायदा कागद देतो, कारणं देत नाही. प्रश्न असा घाला:

"दि. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या तीन आर्थिक वर्षांत सांगली जिल्ह्यात (योजनेचे नाव) योजनेखाली मिळालेले उद्दिष्ट, प्राप्त निधी, खर्च, समर्पित निधी आणि जागेअभावी प्रलंबित प्रकरणांची संख्या यांची वर्षनिहाय व तालुकानिहाय माहिती."

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. हे दोन महिने तुमच्या वेळापत्रकात धरा. म्हणूनच अर्ज जूनमध्ये टाकायचा.

अर्ज न करताही बरंच दिसतं. राज्याच्या बीम्स प्रणालीवर कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यावर, किती तरतूद, किती वाटप, किती खर्च हे कुणालाही पाहता येतं. गृहनिर्माणाचं मुख्य लेखाशीर्ष २२१६, मागासवर्गीयांच्या कल्याणाचं २२२५. ग्रामीण आवास योजनेचे गावनिहाय अहवालही संकेतस्थळावर आहेत. घरातल्या बारावीच्या पोराला बसवा, तासाभरात काढून देईल.

कुठल्या दारावर जायचं

ग्रामीण आवास योजना ग्रामविकास विभागाकडं. रमाई आवास सामाजिक न्याय विभागाकडं. शबरी घरकुल आदिवासी विकासाकडं. मोदी आवास आणि भटक्या-विमुक्तांची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना इतर मागास बहुजन कल्याणाकडं. शहरी आवास गृहनिर्माण विभागाकडं, आणि तिथं राज्याच्या वतीनं काम पाहते म्हाडा. आपला जिल्हा म्हाडाच्या पुणे मंडळात येतो. एका वस्तीत या सगळ्या योजनांची माणसं शेजारी-शेजारी राहतात. मोर्चा एकच काढा, पण पत्रं विभागागणिक वेगळी. प्रत्येक पत्रात फक्त त्या विभागाची कुटुंबं आणि फक्त त्या विभागाची रक्कम.

कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरून येऊन खोल्यांत दाटीनं राहणाऱ्या कामगारांना मालकीचं घर नको असतं, परवडेल असं भाडं हवं असतं. शहरी आवास योजनेच्या सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. आपल्याकडं त्याची मागणी फारशी कुणी करत नाही, कारण भाडेकरूचा मोर्चा निघत नाही. कामगार संघटनांनी तरी हा विषय घ्यावा.

पत्रात सरकारचेच शब्द वापरा. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, ७० हजार कोटींच्या गुंतवणुकीची भाषा आहे आणि २० हजार कोटींच्या महाआवास निधीचा उल्लेख आहे. त्यापुढं एकच प्रश्न लिहायचा, यातली आमच्या चार तालुक्यांत किती? स्वतःच्याच धोरणाला "विषय संबंधित नाही" असा शेरा मारणं जड जातं.

पत्र

पत्र एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात आधार. छत्रपतींपासून सुरुवात करून बेघरांच्या व्यथेवर दीड पान लिहायची आपली सवय आहे. ते भाषणात शोभतं. आमच्या पत्राची पहिली ओळ साधारण अशी असते:

"सांगली जिल्ह्यातील मिरज, पलूस, वाळवा व शिराळा तालुक्यांतील निळ्या पूररेषेच्या आत राहणाऱ्या, सोबतच्या यादीतील भूमिहीन कुटुंबांसाठी घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्याची रक्कम रु. १ लाखावरून रु. ____ करावी आणि त्यासाठी येत्या आर्थिक वर्षाच्या अर्थसंकल्पात रु. ____ इतकी तरतूद करावी, ही विनंती."

रिकाम्या जागा भरल्याशिवाय पत्र देऊ नका. रक्कम न लिहिणाऱ्याला "सहानुभूतीपूर्वक विचार" मिळतो. पत्राला मोजणीचं एकत्रित पान, हिशेबाचं पान, ठरावांच्या प्रती आणि नकाशा जोडा. व्यक्तींची नावं असलेली यादी विभागाला द्या, पत्रकारांना नको.

आपले सरकार पोर्टल आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन वैयक्तिक तक्रारींसाठी उत्तम. कुणाचा हप्ता अडला, कुणाचं नाव चुकलं तर तिथं जा. धोरण बदलण्याची मागणी तिथं टाकली की "सदर बाब धोरणात्मक असल्याने" असं उत्तर येतं, आणि ते बरोबरच असतं.

कुठल्या महिन्यात काय

जून-जुलैत मोजणी आणि माहिती अधिकार. पाऊस पडत असतो, छत कुठं गळतं ते दिसतं, नदीकाठी पाणी किती वर आलं तेही. याच सुमारास मुंबईत पावसाळी अधिवेशन असतं, त्यात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधेच मागितलेला जादा पैसा, येतात. आधीच्या वर्षीची मागणी राहिली असेल तर तिला ही पहिली संधी.

ऑगस्टमध्ये ठराव. सप्टेंबर-ऑक्टोबर हा सगळ्यात मोलाचा काळ. विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज याच दिवसांत बांधू लागतात. गणपती-दसऱ्यात आपलं लक्ष दुसरीकडं असतं, पण पत्र विभागात पोहोचायचं ते याच दिवसांत. सचिवाला पाठवा, आणि खाली योजना हाताळणाऱ्या कार्यासनालाही एक प्रत द्या. टिपणी तिथं लिहिली जाते.

डिसेंबरात नागपूर. हिवाळी अधिवेशनात पुन्हा पुरवणी मागण्या, शिवाय चालू वर्षाचा खर्च किती झाला याचे आठमाही सुधारित अंदाज याच सुमारास जातात. पैसा पडून असेल तर तो दुसरीकडं वळण्याआधी ओरडायची ही वेळ. जानेवारीत जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्याच्या बैठका, अध्यक्ष पालकमंत्री. तिथं घरांचा मोठा पैसा मागू नका. नव्या वसाहतीचा रस्ता, पाणी, वीज यांसाठी मागा. घर झालं पण नळ नाही ही तक्रार पुढं येणारच असते.

मार्चात अर्थसंकल्प. मोर्चा काढायचाच असेल तर तोवर फाईलला क्रमांक मिळालेला असावा आणि फलकावर तो लिहिलेला असावा.

आमदारांकडं जाताना

जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. सत्ताधारी-विरोधक असा भेद न करता आठही जणांकडं जा, आणि पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या परिषदेतल्या आमदारांनाही विसरू नका. सत्तेतला आमदार मंत्र्याच्या दालनात बैठक लावून देतो, विरोधातला सभागृहात प्रश्न विचारतो. दोन्ही हवेत.

शिफारसपत्रावर समाधान मानू नका. ते पीए दिवसाला पन्नास काढतो. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना किंवा विभागाच्या मागण्यांवरच्या चर्चेत रक्कम कापण्याची सूचना मांडून विषय काढणारी कपात सूचना, यांपैकी एक मागा आणि मजकूर तुम्हीच लिहून न्या. चांगला तारांकित प्रश्न "हे खरे आहे काय" या साच्यात बसतो: अमुक तालुक्यांत जागेअभावी अमुक इतकी घरकुले प्रलंबित आहेत हे खरे आहे काय, असल्यास अर्थसहाय्य वाढवण्याबाबत कोणता निर्णय घेतला? तुमच्या माहिती अधिकाराच्या उत्तरातला आकडा इथं कामाला येतो. सरकारनं तुम्हाला लेखी दिलेला आकडा सरकार सभागृहात नाकारू शकत नाही.

स्थानिक विकास निधीतून खासगी घर बांधून द्या असं मात्र कुणाला म्हणू नका. नियमात बसत नाही आणि आमदाराला सुटायला सोपी वाट मिळते.

पैसे मंजूर झाल्यावर

पेढे वाटायला अजून वेळ आहे. अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे हातातला पैसा नव्हे. वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं वितरण करतो, मग विभागाचा आदेश निघतो, मग जिल्हा, मग लाभार्थ्याचं खातं. यातला प्रत्येक टप्पा अडू शकतो. पहिला हप्ता आला म्हणून जुनं घर पाडलं, पाया भरला, आणि दुसरा हप्ता येईपर्यंत मृग लागला, अशी कुटुंबं प्रत्येक गावात आहेत. पलूसकडच्या एका गावात मी आख्खं कुटुंब जोत्यावर ताडपत्री बांधून राहिलेलं पाहिलं आहे, म्हातारीसह. तेव्हापासून आम्ही लोकांना सांगतो, दुसऱ्या हप्त्याचा फोटो अभियंत्यानं काढून चढवेपर्यंत राहती खोली पाडू नका. जागा तेवढीच असेल तर निम्मी पाडा.

दर महिन्याच्या पाच तारखेला एकानं बीम्स बघायचं आणि तीन आकडे वहीत लिहायचे: तरतूद, वाटप, खर्च. ऑक्टोबरपर्यंत वाटपच झालं नसेल तर पत्र विभागाला. वाटप झालंय पण खर्च नाही तर पत्र जिल्ह्याला. खर्च दिसतोय आणि खात्यावर पैसे नाहीत तर पंचायत समितीत जाऊन गटविकास अधिकाऱ्यांसमोर पासबुकं ठेवायची.

आणि कागद. दिलेल्या प्रत्येक पत्राची शिक्क्यासह पोच घ्या, आवक क्रमांक वहीत उतरवा. आमची पहिली फाईल, मोजणीच्या सगळ्या पानांसकट, २०१९ च्या पुरात कपाटात भिजून लगदा झाली. पूररेषेतल्या घरांची यादी पूररेषेतल्याच घरात ठेवली होती. आता एक प्रत माझ्याकडं असते आणि दुसरी विट्याला बहिणीच्या घरी, माळावर.